पुढे पंधरा, मागे सव्वीस

बँकेतल्या वाहनकर्जाच्या टेबलावर बसून मी आजवर शेकडो लोकांना मोटारीत बसवलं. स्वतः मात्र अजून स्कूटरवरच आहे. तिच्यात हवा भरताना पंपावरचा पोरगा विचारतो, ‘‘साहेब, किती?’’ मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, ‘‘नेहमीची.’’ नेहमीची म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नसतं आणि मला तर नसतंच. म्हणूनच शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरची हकीकत वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

त्याचं असं झालं. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मोटारी दिवाणखान्याएवढ्या होत चालल्या होत्या. अशात जर्मनीची ती भुंग्यासारखी फोक्सवॅगन तिथे धडाधड खपू लागली आणि डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांना लहान गाडी काढण्याची उपरती झाली. फोर्डने फाल्कन काढली, क्रायस्लरने व्हॅलियंट. दोन्ही सरळमार्गी, इंजिन नाकासमोर. शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल यांना मात्र चारचौघांसारखं वागणं मंजूर नव्हतं. ऑक्टोबर १९५९ मध्ये आलेल्या त्यांच्या कॉर्व्हेअरचं इंजिन पाठीमागे आणि सामान पुढे! सहा सिलिंडरांचं, अॅल्युमिनियमचं इंजिन; थंड व्हायचं ते हवेवर, म्हणजे रेडिएटरची भानगडच नाही. पंख्याचा पट्टा वाटेत काटकोनात वळून वर जायचा आणि अधूनमधून निसटायचा. आमच्याकडे साहेबांच्या केबिनकडे निघालेल्या फायलींचं हेच होतं. पण ‘मोटार ट्रेंड’ मासिकाने तिला १९६०ची सर्वोत्तम गाडी ठरवलं.

घोटाळा होता मागच्या चाकांत. वजन सगळं मागे. आणि आसांची रचना अशी, की वेगात वळण घेताना चाक आत दुमडायचं आणि गाडीचं बूड बाहेर सरकायचं. पुढच्या बाजूला एक आडवा पोलादी दांडा बसवला असता तर बरंच भागलं असतं. खर्चाच्या हिशेबात तो उडाला. मी कॉमर्सचा पदवीधर. कॉस्टिंगच्या पेपरात असे दांडे उडवूनच पास झालो आहे. मग गिऱ्हाइकाला पुस्तिकेत छापून दिलं : पुढच्या चाकांत हवा १५ पौंड, मागच्या चाकांत २६. कुणी चारही चाकांत ‘नेहमीची’ भरली तर त्याचं नशीब!

इथे मी जरा चपापलो. कारण एखादा गिऱ्हाईक कर्जाच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचू लागला, की ‘‘नेहमीचंच आहे हो, खाली सही करा,’’ असं म्हणणारा मीच.

गाड्या उलटल्या, माणसं मेली, कोर्टात दावे लागले. नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक काढलं आणि त्यातलं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरला वाहिलं. जनरल मोटर्सने काय करावं? त्याच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले! हे उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. नेडरने लावलेला दावा १९७० मध्ये सव्वाचार लाख डॉलरवर मिटला. त्यात किती दांडे बसले असते, हा हिशेब करण्याचा मोह मी आवरला आहे.

गंमत म्हणजे दांडा १९६४च्या गाड्यांना बसला होता आणि १९६५च्या मॉडेलला तर मागची रचनाच नवी केली होती. पुस्तक आलं तेव्हा गाडी सुधारलेली! पण लोकांचा विश्वास उडाला होता आणि फोर्डची देखणी मस्टँगही बाजारात आली होती. मे १९६९ मध्ये कॉर्व्हेअर बंद पडली. एकूण अठरा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. त्या शेवटच्या वर्षी जेमतेम सहा हजार. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा निकाल लागला, की १९६० ते ६३च्या कॉर्व्हेअर तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा काही जास्त धोकादायक नव्हत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर बढतीचं पत्र यावं, तसं. मग तो दांडा शेवटी बसवला कशासाठी, असं मला आपलं उगीच वाटतं.

काल पंपावर गेलो तो स्कूटरची पुस्तिका खिशात घालूनच. पोराने विचारलं, ‘‘साहेब, किती?’’ मी चष्मा लावून पान शोधू लागलो. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानेही दिला.

‘‘नेहमीची टाक,’’ मी म्हणालो.