उतारावरचं फुकट पेट्रोल

पुण्याहून येणारी गाडी चंदनापुरी घाटाच्या माथ्यावर आली की अनेकांचा हात आपसूक गिअरवर जातो. गाडी न्यूट्रल! काही बहाद्दर तर किल्लीही फिरवतात. संगमनेरकडचा उतार फुकटात पदरात पडला, असा हिशेब. त्यामागचा युक्तिवाद असा: गिअरमध्ये इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतं, न्यूट्रलमध्ये आठशे, फेरे कमी तर पेट्रोलही कमी.

हा पूर्वपक्ष अगदीच बिनबुडाचा नाही. ॲम्बेसिडर किंवा पद्मिनीच्या कार्ब्युरेटरला उतार कळत नसे. रेसवरचा पाय काढला, तरी फिरतं इंजिन पेट्रोल ओढतच राही. त्या गाड्यांवर हात बसलेल्यांचा अनुभव खोटा नव्हता. यंत्र मात्र बदललं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून रेसवरचा पाय पूर्ण उचलला, की संगणक इंजेक्टरच बंद करतो. फेरे दोन हजार, पेट्रोल शून्य, कारण तेव्हा इंजिनला चाकं फिरवत असतात. फेरे बरेच उतरले की पुरवठा पुन्हा सुरू होतो. न्यूट्रल केलं की चाकांशी नातं तुटतं आणि इंजिन चालू ठेवायला इंधन पाजावंच लागतं, छोट्या गाडीला ताशी पाऊण लिटरच्या आसपास. पाच किलोमीटरचा उतार ताशी चाळीसने उतरायला साडेसात मिनिटं लागतात, असं धरा. बचतीच्या नावाखाली नव्वदेक मिलिलिटर पेट्रोल जळालं.

'मग इंजिनच बंद करू' म्हणणाऱ्यांनी सांगावं, शून्यातून आणखी काय वजा करणार? जातं ते भलतंच: ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग जड होतं, ट्रकमध्ये हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो. ट्रकवाल्यांना तर जुन्या यंत्राची सबबही नाही. जुन्या डिझेल पंपाचा गव्हर्नरही अशा उतारावर डिझेल तोडतच असे.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. सौम्य उतारावर गिअरमधली गाडी मंदावते आणि पुन्हा रेस द्यावी लागते. तिथे न्यूट्रलमधली गाडी लांबवर घरंगळते. गाडीला हवेचा आणि रस्त्याचा किती विरोध होतो, हे मोजायला नगरच्या व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी धावपट्टीवर गाडी न्यूट्रलमध्येच सोडून देतात. पण ती धावपट्टी सपाट आणि मोकळी असते. आपल्याकडे वळणाआड उसाची डबल ट्रॉली असते, तीही बिनादिव्याची.

आणि ॲव्हरेजचा खरा चोर घाटात नाहीच, तो सरळ रस्त्यावर आहे. ऐंशीचा वेग शंभरावर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. नगर-पुणे साधारण एकशेवीस किलोमीटर. अखंड शंभरने गेलं तर अठरा मिनिटं वाचतील. पण अखंड जातं कोण? सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर ती मिनिटं परत घेतात आणि दर ब्रेकला विकत घेतलेला वेग उष्णता होऊन उडून जातो. त्यापेक्षा पुढची ट्रॉली दिसताच लांबूनच पाय उचलावा. इंजेक्टर इथेही बंद होतात, घाट लागत नाही.

इतकं करूनही किल्ली फिरवायची हौस उरलीच, तर ती वाघोलीच्या कोंडीत भागवावी. तिथे गाडी जागची हलत नाही आणि इंजिन बंद केलं तर पेट्रोल खरोखर वाचतं.