श्यामची आई की दो बीघा जमीन?

आम्ही वेळणेश्वरच्या बचतगटातल्या बाया. आज एका जुन्या निकालाबद्दल बोलायचं आहे.

१९५४ साली सरकारनं चित्रपटांना पहिल्यांदा राष्ट्रीय पुरस्कार दिले. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ला गुणवत्तेचं प्रमाणपत्र.

साने गुरुजींचं पालगड आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. त्यामुळे आम्हाला कधी शंकाच आली नाही. यंदा मात्र दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहिले.

दोन्हीकडे घराला कर्ज लागलेलं. पण श्यामच्या घरचं कर्ज आम्ही विसरलोच होतो. लक्षात राहिलं होतं ते आईचं सोसणं. ‘दो बीघा’त मात्र हिशेबच समोर येतो. शंभूला वाटतं, देणं ६५ रुपये. बायकोच्या कानातलंसुद्धा विकून तो पैसे घेऊन जातो, तर जमीनदाराच्या कागदावर २३५! त्यानं राबून फेडलेलं कुठेच मांडलेलं नाही. मग तो कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, तसाच.

वनमालाबाईंची आई बघताना आजही पदर डोळ्यांना लागतो, ते खोटं नाही. पण सोसणाऱ्या आईला पदक देणं सोपं, असं आमचं मत झालं. आमच्या हातात असतं तर पदक ‘दो बीघा’ला गेलं असतं.

गटातल्या दोघी अजून रुसून आहेत. म्हणतात, आईला दुसरा नंबर देता?