पाचवे आसन

जागतिक संस्थांच्या कारभारात उदयोन्मुख राष्ट्रांस त्यांच्या योग्यतेनुसार स्थान मिळाले पाहिजे, ही मागणी आज वारंवार कानी पडते. त्यामुळे ती अलीकडचीच असावी असा समज होतो. वस्तुतः तिचा इतिहास ऐंशी वर्षांचा आहे, आणि त्याचा एक धागा नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो. एकलहरे हे गाव वीजकेंद्रामुळे सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याजवळच नाशिकरोड येथे १९२८ पासून चलनी नोटा छापण्याचा कारखाना आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या कारखान्यास उसंत नव्हती.

युद्धासाठी इंग्रज सरकार हिंदुस्थानातून जो माल घेई, त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने रिझर्व बँकेच्या नावे जमा होई, आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा निघत. १९३९ साली दोनशे कोटींच्या आत असलेले नोटांचे चलन युद्ध संपेपर्यंत अकराशे कोटींपलीकडे गेले. महागाई भडकली, १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे प्राणास मुकली. तेव्हा लंडनमधील ती स्टर्लिंग शिल्लक म्हणजे अर्धपोटी राहिलेल्या देशाकडून सक्तीने करविलेली बचत होती, असेच म्हटले पाहिजे.

हा हिशेब घेऊन हिंदी शिष्टमंडळ जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे गेले. ४४ राष्ट्रांच्या त्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. पण त्यांच्यासमवेत षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले व ‘मेघदूता’चे मराठी भाषांतर करणारे चिंतामणराव परतंत्र देशाची बाजू त्या सभेत मांडीत होते, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरण्याजोगी नाही.

पदरात काय पडले? स्टर्लिंग शिल्लक सोडविण्याचा प्रश्न निधीच्या कक्षेत आणावा, ही विनंती अमान्य झाली. मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हे ध्येय स्पष्ट शब्दांत नोंदवावे, हा आग्रहही पुरता फळास आला नाही. अखेरच्या मसुद्यात ‘सर्व सभासदांच्या’ असा मोघम शब्दप्रयोग राहिला. वर्गणीच्या वाटणीत अमेरिकेस २७५ कोटी डॉलर, ब्रिटनास १३०, रशियास १२०, चीनला ५५, फ्रान्सला ४५ आणि हिंदुस्थानास ४० कोटी असे आकडे ठरले. पहिल्या पाच राष्ट्रांस आपला कार्यकारी संचालक स्वतः नेमण्याचा अधिकार होता. हिंदुस्थान सहावा राहिला. पुढे रशियाने सभासदत्व स्वीकारलेच नाही, आणि पाचवे आसन आपल्याकडे चालत आले.

हे आकडे कोठून आले, तेही पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय उत्पन्न, सोने व डॉलरचा साठा, परदेशी व्यापार यांवर आधारलेले एक सूत्र अमेरिकन अर्थखात्यातील रेमंड मिक्सेल यांनी १९४३ साली तयार केले. अमेरिका, ब्रिटन, रशिया व चीन यांचा क्रम आधी ठरला होता. त्यास जुळेल असे गणित बसविण्याची त्यांस आज्ञा होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेविले आहे. निकाल आधी आणि न्यायशास्त्र मागाहून, असा हा प्रकार झाला.

दुसऱ्याच्या गैरहजेरीने मिळालेले आसन फार काळ टिकले नाही. १९७० च्या फेरवाटणीत जपान पुढे सरकला आणि भारताचा नेमणुकीचा हक्क गेला. तेव्हापासून आपला संचालक शेजारच्या लहान राष्ट्रांच्या मतांसह निवडून येतो. एकलहरे येथील वीजकेंद्राचे पहिले संच त्याच सुमारास सुरू झाले. देश पुढेच चालला होता. इतर राष्ट्रे अधिक वेगाने चालली, इतकेच.

पुढील सुधारणा मुंगीच्या पावलांनी आली. २०१० साली ठरलेली फेरवाटणी अमेरिकन काँग्रेसच्या संमतीसाठी अडून राहिली आणि जानेवारी २०१६ मध्ये अंमलात आली. तीत चीन तिसऱ्या क्रमांकावर व भारत सुमारे पावणेतीन टक्के वाट्यासह आठव्या क्रमांकावर गेला. मात्र महत्त्वाच्या निर्णयास ८५ टक्के मते लागतात, आणि एकट्या अमेरिकेजवळ सुमारे साडेसोळा टक्के आहेत. म्हणजे तिच्या नकाराने कोणताही मोठा बदल थांबू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वांच्या वर्गण्या एकाच प्रमाणात निम्म्याने वाढविण्याचे ठरले. रक्कम वाढवावयाची, क्रम मात्र तोच ठेवावयाचा, असा तो निर्णय होता.

या इतिहासातून एक बोध स्पष्ट निघतो. पंक्तीत पाट मिळावा म्हणून भांडणे योग्यच आहे. परंतु पाट कोणी, कोणत्या मापाने मांडावयाचे, हे ठरविणाऱ्यांत आपण असल्यावाचून मिळालेला पाट केव्हाही उचलला जातो. ब्रेटन वुड्स येथे हिंदी प्रतिनिधींनी आसनाइतकाच ध्येयाच्या शब्दांबद्दल आग्रह धरिला, यात त्यांची दूरदृष्टी दिसते. आजच्या मागणीतही लोकसंख्या, विकासाची गरज आणि सोसलेली झीज यांस त्या सूत्रात काही मोल असावे, हा आग्रह प्रथम असला पाहिजे. युद्धकाळी नाशिकरोडास छापलेल्या नोटांची खरी किंमत या देशातील उपाशी माणसांनी भरली. पण जगाच्या खतावणीत त्या खर्चास अद्याप रकानाच नाही.