परळची शाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या परळ भागात पोटासाठी आलेली कुटुंबे चाळींच्या एकेका खोलीत दाटीने राहत. त्यांतही अस्पृश्य गणल्या गेलेल्या कामकऱ्यांचे हाल विशेष. गिरणीतील अधिक मजुरीचे खाते म्हणजे विणकामाचे. तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळाच्या समजुतीमुळे त्या खात्याचे दार त्यांना बंद असे. बापाची मिळकत अशी जन्मावरूनच ठरत असता मुलाने शाळेची पायरी चढावी कशी?

या वस्तीत १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी एक शाळा उघडली. शिंदे मूळचे जमखंडीचे. ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून ते १९०३ मध्ये परतले व प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. त्यांच्या मंडळीचे अध्यक्षपद नारायणराव चंदावरकरांकडे होते. संस्थेचे इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन. मराठीत तिला निराश्रित साह्यकारी मंडळ म्हणत. नावातील ‘निराश्रित’ हा शब्द आज कानाला खटकतो, आणि खटकावा हेच योग्य.

त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात सर्वत्र सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्यांच्यापाशी राजसत्ता होती, खजिना होता. शिंद्यांपाशी वर्गणीची वही होती.

तथापि एक गोष्ट शिंद्यांनी अचूक ओळखली. मूल शाळेत चार-पाच तास बसते. उरलेला सारा दिवस ते आपल्या खोलीत परत जाते. त्याच परळमध्ये राहणारे भीमराव आंबेडकर हे एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. खोलीत रात्री अभ्यासास जागा नसे, म्हणून वडील त्यांना लवकर निजवून पहाटे दोनला उठवीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. परंतु असा पिता व अशी बुद्धी प्रत्येक घरी कोठून असावी? सामान्य मुलासाठी शाळेनेच घराची उणीव भरून काढावयाची होती. म्हणून मिशनने शाळेच्या जोडीला मोफत दवाखाना, शिवणकामाचा व पुस्तकबांधणीचा वर्ग आणि पुढे वसतिगृहही चालविले. शिंद्यांच्या भगिनी जनाबाई यांनी या कामास वाहून घेतले. अक्षरओळख झालेला मुलगा हातात कसब नसेल तर बापाच्याच जागी जाऊन उभा राहतो, हे तेथे नित्य दिसत होते.

पुढे मुंबईबाहेरही शाखा निघाल्या. पुण्याच्या शाखेस इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी २०,००० रुपये दिले, आणि तेथील वास्तूला अहिल्याश्रम हे नाव पडले. नाना पेठेत तो आजही आहे.

दात्यांच्या कृपेवर चाललेली शाळा शिकणाऱ्याला कायमचा याचक तर करीत नाही ना, ही शंका मात्र रास्त होती. आपल्या मुलांच्या शाळांचा कारभार आपण का पाहू नये, असे शिकू लागलेल्या पिढीला वाटणे स्वाभाविकच होते. सतरा वर्षे खपून उभे केलेले काम हातावेगळे करणे कोणाही संस्थापकाला जड जाते. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूस झाले व ती सूत्रे त्यांनी अस्पृश्य समाजांतील कार्यकर्त्यांच्या हाती दिली.