बाल्टिमोर ते खारघर, व्हाया परळ

फ्लास्कमधला गुलाबी द्रव रात्रीतून पिवळा आणि गढूळ झाला की समजायचं, जिवाणू शिरले. मग पंधरवड्याच्या मेहनतीवर ब्लीच ओतायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. बेलापूर-नेरूळ-कामोठ्याच्या कॉलेजांत बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोमेडिकल सायन्स शिकणाऱ्यांना परीक्षेपेक्षा ‘कंटॅमिनेशन’ची धास्ती जास्त असते, ती यामुळेच.

गुलाबी रंग असतो फिनॉल रेडचा. आम्ल वाढलं की तो पिवळा पडतो. या द्रवाखाली, फ्लास्कच्या तळाला चिकटून, माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी वाढत असतात. तापमान ३७ अंश, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हातमोज्यांवर सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल फवारल्याशिवाय हुडात, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, हात घालायचा नाही आणि उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही. तळ भरत आला की ट्रिप्सिन घालून पेशी सुट्या करायच्या आणि त्यातल्या थोड्या विरजणासारख्या नव्या फ्लास्कात लावायच्या. याला म्हणतात ‘स्प्लिट करणं’. टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याकडे आधी जळगावचं केळं आठवतं. इथे चाललंय ते त्याचंच प्राणिजगतातलं भावंड. यात हात बसला तर लस, औषधचाचणी, कॅन्सर संशोधन, आयव्हीएफ अशा कितीतरी ठिकाणी काम मिळतं.

तरीही घरी पाहुणे आले की ओळख होते ती अशी: “नीटला थोडक्यात हुकलं, म्हणून बी.एस्सी.ला घातलंय.” या ‘म्हणून’वर माझा राग आहे. ज्या तंत्रावर ही मुलं हात बसवतात त्याचं कूळ काढलं, तर त्यात हा ‘म्हणून’ कुठेच सापडत नाही.

सुरुवात बेडकापासून. १९०७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला चेतापेशींचा बारीकसा तुकडा लसीकेच्या थेंबात घालून काचेखाली उलटा लटकवला. पेशी जगवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. चेतातंतू पेशीतूनच फुटून वाढतो की नाही, या वादाचा त्यांना निकाल लावायचा होता. तंतू त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. वाद मिटला, तंत्र मागे उरलं.

पुढे न्यूयॉर्कच्या अलेक्सिस कॅरेल यांनी त्याचं अवडंबर माजवलं. काळे झगे, काळ्या टोप्या, आणि १९१२ पासून ‘अमर’ म्हणून मिरवलेल्या कोंबडीच्या हृदयपेशी. नोबेल मिळवलेला माणूस. शंका कोण घेणार? शरीरातल्या सामान्य पेशी साधारण पन्नासएक विभाजनांनंतर थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं तेव्हा कुठे कॅरेल यांच्या कोंबडीचं खरं-खोटं लोक बोलू लागले.

अमर पेशी मिळाल्या त्या मात्र पुन्हा बाल्टिमोरलाच. जॉर्ज गाय यांची तिथली प्रयोगशाळा बरीचशी हातची, जुगाडाची. नळ्या सावकाश फिरवत ठेवणारं पिंपही त्यांनी स्वतःच बनवलेलं. निर्जंतुकीकरणाची शिस्त लावली ती त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी. त्या शल्यक्रियागृहातल्या प्रशिक्षित परिचारिका. १९५१ च्या फेब्रुवारीत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिथे आला. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तो डाग त्या पेशींवर आजही आहे. तुकडा नळीत लावला मेरी कुबिचेक या २१ वर्षांच्या सहायिकेने. हाही मरणारच, असं धरून चालली होती ती. पण त्या पेशी, म्हणजेच हेला, वाढतच राहिल्या. पोलिओच्या लशीची चाचणी त्यांच्यावर झाली. प्रयोगशाळेतलं सर्वांत गाजलेलं पेशींचं घराणं ज्या हातांनी लावलं गेलं, ते ना डॉक्टरचे होते ना प्राध्यापकाचे.

याच गाय यांच्या हाताखाली शिकायला पुण्याची एक मुलगी गेली. कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. मुलीने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि गणिती ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं! एम.एस्सी.चा अभ्यास होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या पेशींचा. मुंबईला आल्यावर त्या टाटा मेमोरियलमध्ये वसंत रामजी खानोलकरांकडे पोचल्या. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे खानोलकर स्वतः वैद्यकातले, पण सीताफळाच्या गुणसूत्रांवरून कॅन्सरकडे येणारी विद्यार्थिनी त्यांना चालली. १९४९ मध्ये कमलताईंची पीएच.डी. झाली आणि मग बाल्टिमोर.

परतल्या त्या परळला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी मुंबईतली टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. साठच्या दशकात पेशींना लागणारी माध्यमं आणि रसायनं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तयार केली. माध्यमाची पुडी फोडून पाण्यात विरघळवणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण माध्यम म्हणजे अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, क्षार, साखर यांचं नेमकं गणित. एक चुकलं की पेशी मान टाकतात. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

परळची ती संस्था १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि २००२ मध्ये खाडी ओलांडून खारघरला आली. ॲक्ट्रेक ती हीच. टेकड्यांच्या पायथ्याशी साठ एकरांचा परिसर, आणि आत रुग्णालय व प्रयोगशाळा शेजारी-शेजारी. प्रकल्पासाठी पहिल्यांदा तिथे जाणाऱ्या मुलामुलींना कमलताई ठाऊक असतात त्या बहुधा गूगलच्या २०२१ च्या डूडलमुळे.

नवी मुंबईशी कमलताईंचा आणखी एक धागा आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. तिचं मुख्यालय वाशीत, सेक्टर १० ए मध्ये. तिथे नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. फ्लास्कांना रविवार नसतो. त्यांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या बाईचं मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्नही विज्ञानाचाच, हे या बायकांना फार लवकर उमगलं होतं.

तंत्राची आणखी एक शाखा परळलाच फुटली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा चावडा हिचा जन्म झाला, प्रयोगशाळेत गर्भधारणा होऊन. स्त्रीरोगतज्ज्ञ इंदिरा हिंदुजा यांचं नाव सगळ्यांना पाठ. त्यांच्या बरोबरीने काम करणारे टी. सी. आनंद कुमार वैद्यकीय डॉक्टर नव्हते, ते प्रजननजीवशास्त्राचे वैज्ञानिक होते. वाशीपासून पनवेलपर्यंतच्या आयव्हीएफ केंद्रांत आज गर्भ सांभाळतो तो एम्ब्रियोलॉजिस्ट. तेच ३७ अंश, तोच कार्बन डायऑक्साइड. यातले बरेचजण जीवशास्त्राच्या पदवीवरून या कामात आलेले.

कायद्याला हे सगळं दिसायला २०२१ उजाडलं. त्या वर्षीच्या ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायद्याने डॉक्टर-परिचारिकांपलीकडच्या आरोग्यव्यवसायांची यादी केली. पहिलाच गट वैद्यकीय प्रयोगशाळा आणि जीवविज्ञानाचा. ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवण्यासाठीच्या पदवीला किमान ३,६०० तासांचं शिक्षण हवं, असंही त्यात आहे. म्हणजे पुढच्या पाहुण्याला ‘म्हणून बी.एस्सी.’ऐवजी सांगायला निदान एक आकडा तरी आहे.