अक्षरविपर्यास

अक्षरविपर्यास : एखाद्या शब्दातील वा वाक्यातील सर्व अक्षरे, एकही न गाळता व नवे न घालता, निराळ्या क्रमाने मांडून दुसरा सार्थ शब्द वा वाक्य तयार करण्याची क्रिया, तसेच विस्कटलेल्या अक्षरांवरून मूळ शब्द व त्याचा अर्थ शोधून काढण्याची उलट क्रिया. इंग्रजीत यास ‘ॲनाग्राम’ म्हणतात. ही संज्ञा मूळची ग्रीक. आज हा प्रकार बहुधा वृत्तपत्रांतील कोड्यांत आढळतो. सतराव्या शतकातील यूरोपात मात्र वैज्ञानिक शोधावरील हक्क राखून ठेवण्यासाठी त्याचा गंभीरपणे वापर होत असे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्या वापराचा इतिहास दिला आहे.

अक्षरविपर्यासाची सर्वांत जुनी परिचित उदाहरणे इ. स. पू. तिसऱ्या शतकातील आहेत. ॲलेक्झांड्रियाच्या राजसभेतील कवी लायकोफ्रॉन याने टॉलेमी राजाच्या नावातील अक्षरांतून ‘मधापासून’ व राणी आर्सिनोईच्या नावातून ‘हीराचे व्हायोलेट फूल’ असे अर्थ काढून दाखविले. पुढे यूरोपातील दरबारांत नावांतून स्तुती वा भविष्य काढण्याची हौस वाढली. ती नेहमीच निरुपद्रवी राहिली नाही. इंग्लंडमधील एलिनर डेव्हिस ही स्त्री आपल्या नावात बायबलमधील डॅन्येल या भविष्यवेत्त्याची हाक दडलेली आहे असे मानून राजकीय भविष्ये छापीत असे. १६३३ मध्ये तिच्यावर धर्मन्यायालयात खटला चालला. त्या वेळी एका न्यायाधिकाऱ्याने तिच्याच नावाच्या अक्षरांतून ‘इतकी वेडी बाई झाली नाही’ अशा अर्थाचे वाक्य जुळवून तिची खिल्ली उडविली. तिचे स्वतःचे अक्षरगणित एकदोन ठिकाणी चुकले होते. न्यायाधिकाऱ्याचे बिनचूक होते. तिला दंड व कारावास झाला.

भारतात या प्रकाराला तसेच रूप आले नाही. वर्णांची अदलाबदल व्याकरणकारांना ठाऊक होती. ‘हिंस्’ या धातूपासून वर्णव्यत्ययाने ‘सिंह’ शब्द होतो, ही व्युत्पत्ती प्राचीन आहे. परंतु देवनागरीत व्यंजन व स्वर मिळून एक अक्षर होत असल्याने सुट्या वर्णांची मोकळी सरमिसळ करता येत नाही. ‘कमल’चे ‘कलम’ होते, पण मोठ्या वाक्यास हे साधत नाही. संस्कृत कवींनी म्हणून उलट्या वाचनाचा मार्ग धरला. गोदातीरावरील पार्थपूर (परभणी जिल्ह्यातील पाथरी) येथील सूर्य दैवज्ञ याने सोळाव्या शतकात रचलेले रामकृष्णविलोमकाव्य सरळ वाचता रामकथा व उलट वाचता कृष्णकथा सांगते. सूर्य हा स्वतः ज्योतिषी व लीलावतीचा टीकाकार होता. मात्र आपले गणित अक्षरांत लपविण्याची गरज त्याला भासली नाही. ही गरज यूरोपात उत्पन्न झाली, व तिचा आरंभही ज्योतिषशास्त्रातच झाला.

गॅलिलीओ गॅलिली (१५६४–१६४२) याने मार्च १६१० मध्ये दुर्बिणीतून केलेली पहिली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तोवर दुर्बिणी यूरोपभर पसरू लागल्या होत्या व जे एकाला दिसले ते दुसऱ्याला महिन्याभरात दिसण्याची शक्यता होती. शिवाय आपल्या गणनोपयोगी कंपासाची चोरी झाल्याचा वाद तो १६०७ मध्ये एकदा लढला होता. थांबून खात्री करावी, तर दुसरा पुढे जाण्याचे भय. लगेच छापावे, तर चूक होण्याचे भय. यावर त्याने तोडगा काढला. १६१० च्या उन्हाळ्यात त्याने प्राग येथील टस्कनीच्या वकिलाला ३७ अक्षरांची एक अर्थहीन माळ पाठविली. ती योग्य क्रमाने लावली असता, सर्वांत उंचावरचा ग्रह आपण तिहेरी पाहिला, असे लॅटिन वाक्य होत असे. हा ग्रह म्हणजे शनी.

प्राग येथे सम्राट दुसरा रूडोल्फ याच्या पदरी असलेला योहानेस केप्लर (१५७१–१६३०) या अक्षरांच्या मागे लागला. पृथ्वीला एक व गुरूला चार चंद्र आहेत, तेव्हा मधल्या मंगळाला दोन असावेत, असा तर्क त्याने आधीच मांडला होता. हे मनात धरून त्याने मंगळाच्या जुळ्या अपत्यांना अभिवादन करणारी एक ओळ जुळविली. तिच्या लॅटिनला त्याने स्वतःच अर्धरानटी म्हटले आहे. तथापि ‘यू’ व ‘व्ही’ ही त्या काळच्या रीतीप्रमाणे एकच अक्षर धरून मोजणी केली, तर गॅलिलीओची ३७ अक्षरे केप्लरच्या ओळीतही तंतोतंत भरतात. एकही कमी वा जास्त नाही. म्हणजे अक्षरांच्या बाजूने पाहता दोन्ही उलगडे सारखेच खरे होते. सम्राटाने उत्सुकता दाखविल्यावर गॅलिलीओने नोव्हेंबर १६१० मध्ये खरे वाक्य सांगितले. मंगळाचे दोन चंद्र १८७७ मध्ये अमेरिकन ज्योतिषी आसाफ हॉल याला सापडले. याला केप्लरचे भाकीत म्हणण्याचा मोह अनेकांना झाला आहे, पण तो केवळ योगायोग होय.

गॅलिलीओचे वाक्य मात्र पुढे चुकीचे ठरले. शनीच्या बाजूचे दोन ‘सोबती’ १६१२ मध्ये दिसेनासे झाले, तेव्हा तो स्वतःच चकित झाला. त्याचे कारण क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) या डच शास्त्रज्ञाने शोधले व त्यानेही ते प्रथम अक्षरांतच बंद केले. १६५६ च्या एका पुस्तिकेत त्याने ६२ अक्षरे वर्णानुक्रमाने लावून छापली : सात ‘ए’, पाच ‘सी’, एक ‘डी’ याप्रमाणे. शनीभोवती पातळ, सपाट, त्याला कोठेही न चिकटलेले व क्रांतिवृत्ताशी कललेले कडे आहे, हा त्यांचा अर्थ त्याने १६५९ मध्ये उघड केला. गॅलिलीओने अग्रहक्क राखला तो एका भ्रमाचा. हायगेन्झचे वाक्य टिकले. अक्षरांची मोहोर दोन्ही प्रसंगी सारखीच पक्की होती. तिच्या आतले खरे की खोटे, हे तिच्यावरून कळण्यासारखे नव्हते.

गॅलिलीओचा दुसरा विपर्यास डिसेंबर १६१० मधला. या वेळी विस्कटलेल्या ३५ अक्षरांतून, ही अपक्व फळे आपण व्यर्थ वेचीत आहोत, अशा आशयाचे दुसरेच वाक्य त्याने उभे केले. त्यात दोन अक्षरे उरली, ती शेवटी तशीच जोडून दिली. शुक्राला चंद्राप्रमाणे कला आहेत, हा त्यातील गुप्त अर्थ त्याने १ जानेवारी १६११ रोजी कळविला. टॉलेमीच्या ग्रहरचनेत शुक्राची पूर्ण बिंबापर्यंतची कला संभवत नसल्याने हा शोध निर्णायक महत्त्वाचा होता. त्याचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने शुक्राच्या कलांविषयी विचारणारे पत्र ५ डिसेंबरला लिहिले होते. त्यावरून गॅलिलीओने कल्पना शिष्याकडून उचलली, असा आरोप रिचर्ड वेस्टफॉल या इतिहासकाराने १९८५ मध्ये केला. शुक्राच्या त्या महिन्यांतील स्थितीचे गणित करून इतर अभ्यासकांनी गॅलिलीओची निरीक्षणे आधीची असल्याचे दाखविले, व ते मत अधिक सयुक्तिक दिसते. पण मालकीचा वाद मिटविण्यासाठी वापरलेल्या साधनाची तारीखच पावणेचारशे वर्षांनी वादाचा विषय झाली, हे लक्षणीय आहे.

लंडनमध्ये ही पद्धत रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) याने चालविली. तबकडीच्या घड्याळातील सर्पिल स्प्रिंगच्या शोधावरून १६७५ मध्ये त्याचे व हायगेन्झचे भांडण जुंपले होते. हायगेन्झने तो शोधही आधी विपर्यासाच्या रूपाने लंडनला कळविला होता. पुढील वर्षी आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी, उरलेले पान भरण्याच्या निमित्ताने, हूकने आपल्या शोधांची यादी छापली. तीत १४ अक्षरे होती : सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी व दोन यू. त्यांच्या सु. ६० कोटी ५४ लाख निरनिराळ्या मांडण्या होतात. जसा ताण तशी शक्ती, हा त्यांचा उलगडा त्याने १६७८ मध्ये दिला. स्थितिस्थापकतेचा हा नियम आज हूकच्या नावाने शाळेत शिकविला जातो. कमानीविषयीचा त्याचा विपर्यास मात्र त्याच्या हयातीत उघडला गेला नाही. लोंबती साखळी जो आकार घेते तोच उलटा केला की ताठ कमान उभी राहते, हे त्याचे उत्तर त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतीची सर्वांत कटू कसोटी आयझॅक न्यूटन व गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स यांच्या वादात लागली. न्यूटनने ऑक्टोबर १६७६ मध्ये रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डनबर्ग याच्यामार्फत लायप्निट्सला पाठविलेल्या पत्रात आपल्या कलनाचे मूळ सूत्र अक्षरे व त्यांच्या संख्या यांत लपविले होते. लायप्निट्सने आपली रीत १६८४ मध्ये छापली. न्यूटनच्या बाजूने नेमलेल्या समितीने १७१२ मध्ये जुनी पत्रे पुराव्यादाखल मांडली. सोसायटीचा अध्यक्ष त्या वेळी न्यूटनच होता. वस्तुतः ती अक्षरे कोणी उलगडली असती, तरी त्यातून चल राशींच्या समीकरणावरून त्यांच्या वाढीचे वेग काढावे व याच्या उलटही करावे, एवढेच कळले असते. कसे काढावे, हे त्या वाक्यात नव्हते. त्यामुळे न्यूटनला ही गोष्ट १६७६ मध्ये ठाऊक होती, एवढे त्यावरून ठरते. लायप्निट्सने ती त्याच्याकडून घेतली, हे ठरत नाही.

तोपर्यंत दुसरे मार्ग रूढ होऊ लागले होते. ओल्डनबर्गने १६६५ मध्ये सुरू केलेल्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकामुळे शोधाला छापील तारीख मिळू लागली. ज्यांना थांबावयाचे असेल त्यांना मोहोरबंद लिफाफा संस्थेकडे ठेवता येई. रॉबर्ट बॉइलने फॉस्फरसची कृती १६८० मध्ये अशी ठेवली व ती त्याच्या मृत्यूनंतर उघडण्यात आली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतही ही प्रथा रुजली. फ्रेंच सैन्यातील तरुण गणिती व्होल्फगांग डब्लिन याने फेब्रुवारी १९४० मध्ये आघाडीवरून संभाव्यतेच्या सिद्धांतावरील आपली वही असाच लिफाफा करून तेथे पाठविली. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मन सैनिक जवळ येताच त्याने आत्महत्या केली. लिफाफा मे २००० मध्ये उघडला.