विद्युत् गिटार : दोषनिवारण व अस्सलतेची पारख

विद्युत् गिटार : तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करून ते विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्याद्वारे ऐकविणारे तंतुवाद्य. साध्या गिटारीत पोकळ लाकडी खोका नाद वाढवितो. विद्युत् गिटारीत ते कार्य तारांखाली बसविलेल्या ‘पिकअप’ या विद्युत् चुंबकीय ग्राहकापासून सुरू होते. या वाद्याचे बहुतेक भाग कारखान्यात वेगवेगळे तयार होतात आणि नंतर स्क्रू, सरस व डाख यांनी जोडले जातात. त्यामुळे बिघडलेला भाग काढून त्या जागी दुसरा बसविणे सोपे असते. परंतु त्याच कारणाने जुन्या वाद्यातील कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून घातलेला, हे ठरविणे कठीण होते. दोषनिवारण आणि अस्सलतेची पारख या दोन्ही विद्या अशा प्रकारे एकाच मुळातून निघाल्या. जुन्या गिटारींना मोठ्या किंमती येऊ लागल्यावर त्यांतील परस्परविरोध स्पष्ट झाला.

इतिहास : नृत्यवृंदांतील पितळी वाद्यांच्या गजरात गिटारीचा आवाज बुडून जात असे, ही उणीव विद्युत् गिटारीच्या शोधाला कारणीभूत झाली. अमेरिकेतील लॉस अँजेल्स येथे जॉर्ज बीचम (१८९९–१९४१) यांनी १९३१ मध्ये पहिला यशस्वी नमुना लाकडात तयार केला आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ पासून ॲल्युमिनियममधील वाद्ये विक्रीस आणली. गोल खोका व लांब दांडी यांमुळे या वाद्याला ‘फ्राइंग पॅन’ (तळणीचा तवा) असे टोपणनाव पडले. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजविण्याची हवाई पद्धतीची गिटार होती. ही पद्धत पुढे भारतातही रुजली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वॅन शिप्ली यांनी विद्युत् गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाल्या.

बीचम यांना एकस्व (पेटंट) मिळण्यास १९३७ साल उजाडले. तत्पूर्वीच १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ ही पोकळ खोक्याची विद्युत् गिटार बाजारात आणली होती व चार्ली क्रिस्चन (१९१६–४२) यांच्या जॅझ वादनाने तिला प्रतिष्ठा लाभली. पोकळ खोक्यात मात्र एक मूलभूत दोष होता. ध्वनिक्षेपकाच्या मोठ्या आवाजाने खोका व तारा पुन्हा कंप पावत, ते कंपन पुन्हा विवर्धित होई व त्यातून कर्कश शीळ निर्माण होई. त्यावरील उपाय म्हणून भरीव खोक्याची कल्पना पुढे आली. लेस पॉल (१९१५–२००९) यांनी १९४० च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ठोकळ्यावर ‘लॉग’ म्हणजे ओंडका या नावाचे प्रायोगिक वाद्य बनविले.

भरीव गिटारीचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन लिओ फेंडर (१९०९–९१) यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५० मध्ये सुरू केले. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. दुरुस्तीची सोय ध्यानात ठेवूनच त्यांनी दांडी खोक्याला चार स्क्रूंनी जोडली. ‘ब्रॉडकास्टर’ या त्यांच्या गिटारीच्या नावास ग्रेच कंपनीने आपल्या ढोलांच्या नावाशी असलेल्या साम्यामुळे हरकत घेतली. तेव्हा १९५१ मध्ये काही काळ नावाचा तेवढा भाग कापून टाकलेली वाद्ये बाहेर पडली व नंतर ‘टेलिकास्टर’ हे नाव रूढ झाले. गिब्सनची ‘लेस पॉल’ १९५२ मध्ये व फेंडरची ‘स्ट्रॅटोकास्टर’ १९५४ मध्ये आली. पुढील बहुतेक वाद्ये याच तीन नमुन्यांचा अनुवाद आहेत आणि नकलाही मुख्यतः यांच्याच झाल्या.

रचना व कार्य : पिकअपमध्ये कायम चुंबकाभोवती केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युत् दाब प्रवर्तित होतो. हा संकेत निवड-खटक्यातून, आवाज व नादगुण नियंत्रित करणाऱ्या बदलत्या रोधकांतून आणि धारित्रातून जॅककडे व तेथून केबलमार्गे विवर्धकाकडे जातो. एकाच वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या विद्युत् पुरवठ्याची घरघरही ग्रहण करतो. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर (१९१०–९७) यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळ्यांच्या ‘हंबकर’ पिकअपसाठी एकस्वाचा अर्ज केला. त्यातील वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली व चुंबकीय ध्रुवही परस्परविरुद्ध असल्यामुळे घरघर एकमेकींना छेदून जाते, तर तारांचे संकेत मात्र एकत्र मिळतात.

दोष व त्यांचा शोध : विद्युत् दोष शोधताना गिटार, केबल व विवर्धक हे तीन दुवे एकेक करून तपासले जातात. दुसरी केबल लावून आवाज सुधारल्यास गिटार उघडण्याची गरज उरत नाही. गिटारीतच दोष असल्यास पुढील लक्षणे मार्गदर्शक ठरतात. केबल हलविताच आवाज तुटत असल्यास जॅकची पाती सैल झालेली असते किंवा तेथील डाख सुटलेला असतो. नियंत्रक फिरविताना होणारी खरखर बदलत्या रोधकाच्या पट्टीवर साचलेल्या धुळीमुळे किंवा गंजामुळे होते व ती बहुधा संपर्कशोधक द्रवाने साफ करता येते. एखादा पिकअप मुका झाल्यास मल्टिमीटरने त्याचा रोध मोजतात. फेंडरच्या एकेरी पिकअपचा रोध सर्वसाधारणपणे ५ ते ७ हजार ओहम आणि गिब्सनच्या हंबकरचा ७ ते ९ हजार ओहम असतो. मोजणीत अमर्याद रोध दिसल्यास वेटोळे किंवा त्याची जोडतार तुटलेली असते. दोन पिकअप वेगवेगळे चांगले वाजून एकत्र मात्र पोकळ व बारीक आवाज देत असल्यास, एखाद्या दुरुस्तीत त्यांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेलेल्या असण्याचा संभव असतो.

घरघरीचे कारण स्पर्शाने ओळखता येते. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यास घरघर कमी होते, अशा वेळी घोडीपर्यंत जाणारी भूसंपर्काची तार तुटलेली असते. पिकअपच्या वेटोळ्यातील वेढे सैल झाल्यास तो मोठ्या आवाजात शीळ घालू लागतो. त्यावर वेटोळे वितळलेल्या मेणात बुडविण्याचा उपाय करतात.

यांत्रिक दोषांपैकी बरेचसे दांडीचे असतात. फेंडरच्या अगदी आरंभीच्या दांड्यांत ताणसळई नव्हती व तारांच्या ओढीने त्या वाकत. लवकरच त्यांत पोलादी सळई घालण्यात आली. हवेतील आर्द्रता बदलली की लाकूड फुगते वा आक्रसते, त्यामुळे तारा पडद्यांवर आपटून झणझणाट होतो. अशा वेळी सळईचा पेच अल्प प्रमाणात फिरवून दांडीचा बाक सुधारतात. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर व तेथील स्पर्शस्वर जुळत नसल्यास घोडीवरील त्या तारेचा आधार मागेपुढे सरकवितात.

वादकाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने विवर्धकाचा भूसंपर्क सर्वांत महत्त्वाचा ठरतो. गिटारीच्या तारा त्याला जोडलेल्या असल्यामुळे सदोष उपकरणाचा विद्युत् दाब वादकाच्या शरीरातून वाहू शकतो. ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्झी येथे भूसंपर्क नसलेल्या ध्वनिग्राहकाचा धक्का बसून रंगमंचावरच मृत्यू झाला. अमेरिकेत तेथील सु. १२० व्होल्टसाठी बनविलेला विवर्धक भारतातील २३० व्होल्टवर थेट जोडल्यास जळण्याचा धोका असतो. त्यासाठी दाब उतरविणारा रोहित्र वापरावा लागतो.

अस्सलतेची पारख : जुन्या विद्युत् गिटारींचे मोल वाढण्यास दोन घटना कारण झाल्या. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारणसंस्थेने विकत घेतली आणि त्यानंतरच्या वाद्यांचा दर्जा घसरला, अशी वादकांची समजूत झाली. दुसरीकडे, गिब्सनने १९५८–६० या काळात केवळ सु. दीड हजार तयार करून बंद केलेल्या, सूर्यास्तछटेच्या ‘लेस पॉल’ गिटारी १९६६ नंतर एरिक क्लॅप्टन यांच्या ध्वनिमुद्रणामुळे दुर्मिळ ठरल्या. मागणी पाहून कंपनीला हा नमुना १९६८ मध्ये पुन्हा सुरू करावा लागला. किंमती वाढताच जुन्या भागांची अदलाबदल व बनावट यांनाही ऊत आला.

अनुक्रमांक हा पारखीचा आरंभ असला, तरी निर्णायक पुरावा नव्हे. फेंडरच्या जुन्या गिटारींवर तो दांडी जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर असतो व ती पट्टी चार स्क्रू काढून कोणत्याही वाद्यावर बसविता येते. गिब्सनने १९६० नंतरच्या दशकात एकच अंक अनेक वर्षी वापरले. १९७७ पासूनच्या आठ अंकी क्रमांकात मात्र पहिला व पाचवा अंक वर्ष, तर दुसरा ते चौथा अंक वर्षातील दिवस दर्शवितात. म्हणून जाणकार क्रमांकाची सांगड अन्य खुणांशी घालतात. फेंडरच्या दांडीच्या टोकावर पेन्सिलीने किंवा शिक्क्याने घातलेली तारीख दांडी काढल्यावर दिसते. बदलत्या रोधकांवर निर्मात्याचा संकेतांक, वर्ष व आठवडा कोरलेले असतात, उदा., १३७६६१२ हा अंक सीटीएस कंपनीचा १९६६ सालचा बारावा आठवडा दाखवितो. यावरून गिटार त्या तारखेपूर्वीची नाही एवढेच सिद्ध होते. कारण फेंडरने १९६६ मध्ये खरेदी केलेला रोधकांचा मोठा साठा पुढे काही वर्षे वापरला.

कारखान्यांच्या सवयींतील विसंगतीही उपयोगी पडतात. हंबकरला एकस्व १९५९ मध्ये मिळाले, तरी ‘एकस्वासाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाच्या चिठ्ठ्या त्यावर १९६२ च्या सुमारापर्यंत लावल्या जात होत्या. पुढे छापलेला क्रमांक तर हंबकरचा नसून लेस पॉल यांच्या तार-आधाराच्या एकस्वाचा होता. जुन्या नायट्रोसेल्युलोज रोगणावर जंबुपार किरण टाकल्यास ते पिवळसर-हिरवट चमकते. मागाहून रंगविलेला भाग वेगळा दिसतो. स्वरपट्टिकेचे लाकूडही साक्ष देते. आरंभीच्या पट्टिका ब्राझिलियन रोझवुडच्या होत्या. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा भारतीय रोझवुडने, म्हणजे सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवीने घेतली. ब्राझिलियन लाकूड १९९२ मध्ये वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात समाविष्ट झाल्यामुळे अशा वाद्याचे वय सिद्ध करणे परदेशी नेआणीसाठीही आवश्यक झाले.

नक्कल व बनावट यांत भेद करावा लागतो. स्वतःच्या नावाने दुसऱ्याच्या आकाराची गिटार विकणे ही नक्कल. दुसऱ्याचे नाव घालणे ही बनावट. ‘आयबानेझ’ या जपानी गिटारींच्या शिरोभागाचा आकार आपल्यासारखा असल्याबद्दल गिब्सनची तत्कालीन मालक नॉर्लिन कंपनीने १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. तो १९७८ मध्ये तडजोडीने मिटला. पुढे १९९५ पासून फेंडरने स्वतःच नव्या गिटारी मुद्दाम झिजवून विकण्यास सुरुवात केली. त्यामुळे झीज हाही वयाचा विश्वसनीय पुरावा राहिला नाही.

दुरुस्ती व पुरावा : बॉब डिलन यांनी १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात वाजविलेली म्हणून पुढे आलेली स्ट्रॅटोकास्टर २०१२ मध्ये तपासण्यात आली. त्या वेळच्या रंगीत छायाचित्रांतील स्वरपट्टिकेच्या लाकडाचे रेषाजाल प्रत्यक्ष वाद्याशी जुळले आणि डिसेंबर २०१३ मध्ये ती ९,६५,००० डॉलरना विकली गेली. मूळची स्वरपट्टिका बदललेली असती, तर हा पुरावा उपलब्ध झाला नसता. याउलट डेव्हिड गिलमर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची दांडी व पिकअप अनेकदा बदलण्यात आले होते. तरीही जून २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात तिला ३९,७५,००० डॉलर मिळाले, कारण मालकाच्या हाती १९७० पासून झालेल्या बदलांची साखळी ज्ञात होती. म्हणजे अस्सलता दोन प्रकारची असते : एक भागांची व दुसरी इतिहासाची. पहिली दुरुस्तीने कमी होते. दुसरी नोंद नसल्यास नष्ट होते.

मूळ रोगण काढून पुन्हा रंगविलेल्या जुन्या वाद्याची किंमत साधारणतः निम्म्यावर येते. तथापि वाद्य वाजते ठेवण्यासाठी पडदे, जॅक, रोधक यांसारखे झिजणारे भाग बदलणे अटळ असते. म्हणून जुन्या गिटारीच्या दुरुस्तीत मूळचा डाख शक्यतो न हलविणे, नवी भोके न पाडणे, काढलेला प्रत्येक भाग वाद्याबरोबर जपून ठेवणे आणि झालेल्या कामाची छायाचित्रांसह नोंद करणे, हे संकेत कुशल कारागीर पाळतात. अशा नोंदीमुळे बदललेला भागही वाद्याच्या इतिहासाचा घटक ठरतो. तिच्या अभावी मात्र प्रामाणिक दुरुस्ती व लबाडी यांतील फरक पुढील परीक्षकाला ओळखता येत नाही.